पोलादावरील साक्ष

जुने शस्त्र हाही इतिहासाचा एक कागदच होय. कागदावर जशी सही, शिक्का आणि तारीख, तसे पोलादावर ठसे, क्रमांक आणि साल. कागदाला मोल आले की बनावट कागद निपजतो. शस्त्रांचेही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्नायपरांची ‘नंबर ४ मार्क १ (टी)’ ही ली-एन्फिल्ड रायफल याचे ठळक उदाहरण आहे. आपल्या देशात .३०३ ची रायफल निषिद्ध गटात मोडते, तेव्हा ती विकत घेण्याचा प्रसंग आमच्या वाचकांवर सहसा येणार नाही. परंतु इंग्लंड-अमेरिकेतील संग्राहक पैसे मोजण्यापूर्वी तिची पारख कशी करतात, हे जाणण्यासारखे आहे.

ही रायफल मुळात साधीच. चाचणीत जिचा नेम विशेष अचूक ठरे, ती निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुका घडविणाऱ्या पेढीकडे पाठवीत. तेथे तिच्या डाव्या अंगास पोलादाचे दोन आधार बसवून, वस्तू तिप्पट मोठी दाखविणारी ‘नंबर ३२’ दुर्बीण चढविली जाई. गाल टेकण्यासाठी दस्त्यावर लाकडी उंचवटा बसे. अशा रायफली वीस हजारांहून अधिक झाल्या; साध्या मात्र लाखोंनी घडल्या. किमतीतील तफावत आणि लबाडीचा मोह, दोहोंचे मूळ येथे आहे.

खुणा ठरलेल्या आहेत. नळीमागील पोलादी घराच्या डाव्या बाजूस ‘टी’ हे अक्षर. दस्त्याच्या खालच्या अंगास ‘एस ५१’, म्हणजे त्या पेढीची युद्धकालीन सांकेतिक खूण. दस्त्याच्या मुठीवर दुर्बिणीचा क्रमांक. आणि दुर्बीण धरणाऱ्या ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक. पण ‘टी’ उमटविण्यास एक ठसा आणि एक हातोडी पुरते. म्हणून जाणता ग्राहक एका खुणेवर भिस्त ठेवीत नाही. सर्व खुणांचा मेळ बसतो की नाही, ते पाहतो. हुकमाची तारीख, बारनिशीचा क्रमांक आणि फाइलीचे पान जुळले, तरच आपणही कागद खरा मानतो. ठसा जुन्या रंगाखाली आहे की रंग फोडून उमटला आहे? आधारांची झीज शेजारच्या पोलादासारखी आहे काय? रायफलीवरील साल आणि दुर्बिणीवरील साल यांची सांगड बसते काय? असे प्रश्न तो एकामागून एक विचारतो.

येथे एक सावधगिरी हवी. न जुळणारा क्रमांक म्हणजे लबाडीच, असे नव्हे. सैन्यात दुर्बीण निकामी झाली की दुसरी बसवीत, दस्त्यावरील जुना क्रमांक खोडीत आणि नवा उमटवीत. अशी खाडाखोड नोकरीचा खरा पुरावा ठरते. युद्धानंतर कित्येक रायफली दुर्बिणीवाचून विकल्या गेल्या आणि दुर्बिणी निराळ्या वाटेने गेल्या. आज कोणी अशा पोरक्या रायफलीला दुसरी दुर्बीण जोडली आणि तसे सांगितले, तर ती दुरुस्ती होय. तेच लपवून मूळ जोडी म्हणून विकली, तर ती फसवणूक होय. हात तोच, काम तेच. फरक केवळ एका वाक्याचा.

बनावटीने ग्राहकाचे पैसे जातात, हा तोटा त्या मानाने लहान. साध्या रायफलीस भोके पाडून, ठसे मारून तिला स्नायपरची बनविली, की एका सामान्य पायदळ शिपायाच्या शस्त्राची साक्ष कायमची बुजते. तिच्या जागी कधीच न घडलेली दुसरी साक्ष उभी राहते. पुढे एखाद्या अभ्यासकाने तीच प्रमाण धरली, तर चूक बाजारातून ग्रंथात शिरते. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडची शौर्यकथा कितीही रसाळ असो, ती बाजूस ठेवून आधी पोलाद आणि लाकूड काय सांगते ते वाचावे. न बोलणारा हा साक्षीदार, सर्व बाजूंनी तपासला असता, बहुधा खोटे बोलत नाही.