वाईचा दगडी मासा आणि कृष्णेची खुद्री

वाईस ढोल्या गणपतीचे दर्शन घेतलेल्या वाचकांपैकी किती जणांनी वळसा घालून देवळाची मागची भिंत पाहिली असेल? गणपतराव रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधले. पुराचा लोंढा आदळून दुभंगावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली. अडीचशेहून अधिक पावसाळे हा दगडी मासा कृष्णेला तोंड देत उभा आहे. पाण्यातल्या खऱ्या माशांचे दैव मात्र इतके बळकट ठरले नाही.

पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास प्रतापसिंह महाराज गादीवर होते आणि सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. त्या काळात, १८२४ पासून, विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी दख्खनची मोजदाद करीत हिंडत होता. पिके, पाऊस, पक्षी, सारे तो टिपून ठेवी. मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा या नद्यांतले मासेही त्याने टिपले. आणि गंमत अशी की, नव्या जातींना नावे देताना कित्येकदा त्याने लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. खुद्री, कोळस, नुक्ता, रोहटी ही नावे १८३९ साली लंडनमध्ये छापली गेली. त्याच वर्षी इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले! महाराजांची गादी गेली. नदीकाठच्या साध्या माणसांचे शब्द मात्र जगाच्या शास्त्रात कायम झाले.

भीमा अखेर कृष्णेलाच मिळते, तेव्हा हे मत्स्यकुळ कृष्णा-कोयनेचेही आहे. खुद्री म्हणजे आपल्याकडचा महसीर. अंगावर मोठाले खवले, वाहत्या स्वच्छ पाण्याची आवड. पावसाळ्यात ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालते. नुक्ताच्या नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असतो. आज तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे.

काय बिघडले? १९६० च्या दशकात कोयनेचे धरण उभे राहिले, पुढे वाईच्या वर धोमचे. शेते भिजली, दिवे लागले. त्या उपकाराशी कृतघ्न होता येणार नाही. परंतु वर चढणाऱ्या माशाची वाट अडली. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली होती. पण बारीक आसाच्या नायलॉनच्या जाळ्याला कोण आवरणार? ते चिलापीसाठी टाकले तरी खुद्रीचे पिल्लू त्यात वेगळे ओळखू येत नाही.

समुद्रातही हेच दुखणे आहे. पंख पसरल्यासारखे पोहणारे अजस्र पाकट, ज्यांना मांटा म्हणतात, ते बहुधा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत गुंतून मरतात. मादी एका खेपेस एकच पिल्लू देते. तूट भरून निघावी कशी? कोकणात जाळे कापून संरक्षित जलचर सोडून देणाऱ्या कोळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ साली आणली. कृष्णाकाठच्या भोयाने खुद्री सोडली, तर त्याच्याही पदरी काही पडावे, ही अपेक्षा वावगी नाही. मासा वाचवायचा आणि भोयाला उपाशी ठेवायचे, हा न्याय नव्हे.

महाबळेश्वरचा घाट उतरून महाडकडे गेले की वाळण कोंड लागते. तेथे वरदायिनी देवीच्या डोहातले महसीर कोणी मारीत नाही; लोक त्यांना खाऊ घालतात. लोणावळ्यास १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्रीची कृत्रिम पैदासही साधली. पण तेथली पिल्ले दूर कावेरीत सोडली गेली, तेव्हा तिथल्या मूळच्या महसीरालाच ती जड झाली, असे अभ्यासक सांगतात. तात्पर्य, पिल्ले वाढवणे पुरेसे नाही. ज्याची नदी त्याला जपावी लागते.

पुढच्या खेपेस वाईला गेलात, तर मुलांना तो दगडी मासा जरूर दाखवा. आणि जवळच घाटावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाला खुद्रीची गोष्ट विचारा. लंडनच्या कागदावर तिचे नाव सुरक्षित आहेच. ते कृष्णाकाठच्या जिभेवर आणि कृष्णेच्या पाण्यातही राहिले पाहिजे.