पैवस्तीची मिती आणि घरची काळजी

वसईच्या मोहिमेचे कागद आजवर पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. इ. स. १७३७ च्या मार्च महिन्यांत ठाणें हस्तगत झालें व १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला चिमाजी आपांच्या स्वाधीन झाला. या दोन वर्षांतील मोर्चे, सुरुंग, दारूगोळा व फौजेची नेमणूक यांची माहिती अभ्यासकांस सहज मिळते. परंतु फौजेंत गेलेल्या मुलाचे आईबाप मागें घरीं दिवस कसे कंठीत होते, याकडे कागद वाचतांना फारसें लक्ष दिलें जात नाहीं. त्याविषयीं एक अल्प सूचना येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या मोहिमेंत भिवंडी परगण्याचें स्थान ध्यानांत घ्यावें. त्या काळीं कल्याण-भिवंडीचा मुलूख मराठ्यांकडे असून खाडीपलीकडील साष्टी व वसई फिरंग्यांकडे होती. भिवंडीनजीकच्या अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं या कामीं केलेली खटपट साष्टीच्या बखरीवरून सर्वश्रुत आहे. तेव्हां येथील घरांना हें युद्ध दूरदेशींचें नव्हतें. तें खाडीच्या पैलतीरीं चाललें होतें. पण रणभूमि जवळ असली म्हणजे काळजी हलकी होते असें नाहीं. दूरच्या घरीं खरी बातमी उशिरां पोहोंचते. जवळच्या घरीं खरीच्या आधीं खोटी येऊन उभी राहते.

१७३९ च्या जानेवारींत तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्यांच्या मातुश्रीस पेशव्यांकडून गेलेलें सांत्वनपर पत्र इतिहासज्ञांस ठाऊक आहे. तथापि सांत्वनाचें पत्र हा काळजीचा शेवट होय. त्याच्या आधींचे दिवस, जेव्हां पुत्र जिवंत आहे कीं नाहीं हेंच घरीं कळत नसे, ते कोणत्या कागदांत शोधावे?

आमच्या मतें ते दोन ठिकाणीं सांपडतात आणि दोन्ही ठिकाणें संपादक बहुधा गाळतात. पहिलें ठिकाण म्हणजे पत्रारंभींचा मायना व त्यापुढील ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणें’ अशा अर्थाचा मजकूर. हा सांप्रदायिक मजकूर आहे, त्यावरून कोणाच्या मनाची स्थिति ठरवितां येत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु तोच मजकूर पत्राच्या शेवटीं पुन्हां आला, किंवा ‘बहुत दिवस पत्र नाहीं’ अशी पुरवणी त्यास जोडली गेली, म्हणजे तो केवळ संप्रदाय राहत नाहीं. दुसरें ठिकाण म्हणजे पैवस्तीची नोंद. पुष्कळ पत्रांवर तें पावल्याची मिती टिपलेली असते. लिहिल्याची मिती व पावल्याची मिती यांमधील अंतर म्हणजे त्या घरानें अंधारांत काढलेले दिवस. आईबापांच्या काळजीस मोजमाप लावण्याचें याहून खात्रीचें साधन आम्हांस दिसत नाहीं.

हें साधन किती उपयोगी आहे तें पानिपतच्या उदाहरणावरून दिसून येईल. वसई जिंकणाऱ्या चिमाजी आपांचे पुत्र सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्यें परतुडाहून उत्तरेस निघाले. त्यांजबरोबर नानासाहेब पेशव्यांचे वडील चिरंजीव विश्वासराव होते. त्यांचा जन्म १७४२ चा. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट रोखली, आणि दक्षिणेंत येणारीं पत्रें विरळ झालीं. पुढें नानासाहेब स्वतः फौजेनिशीं मदतीस निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडले. मोत्यें व मोहरा यांच्या सांकेतिक भाषेंतील सावकारी पत्र २४ जानेवारीस भेलशाच्या मुक्कामीं पेशव्यांच्या हातीं आलें. मधले दहा दिवस राज्याचा धनी व एक बाप पुत्र हयात आहे असें धरूनच चालला होता. त्याच वर्षीं २३ जून रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

ज्याच्या पदरीं हरकारे व जासूद होते त्याची ही अवस्था. मग भिवंडीच्या खाडीकांठच्या ज्या घरांत लिहिणारा वा वाचणारा कोणी नव्हता, तेथें परत आलेल्या जखमी माणसाचें तोंड हेंच पत्र. त्या घरांचा कागद मिळावयाचा नाहीं. म्हणून ज्यांचा मिळतो त्यांचा तरी एक अक्षरही टाकूं नये.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, अंजूर, भिवंडी, कल्याण या बाजूच्या जुन्या दप्तरांतून केवळ कुशलाचीं म्हणून बाजूस पडलेलीं पत्रें वेगळीं बांधून ठेवावीं, त्यांची नक्कल करतांना मायना गाळूं नये व पाठीवरील पैवस्तीची मिती अवश्य उतरून घ्यावी. लढाई कोणीं जिंकली हें इतर कागद सांगतील. ती चालू असतां घरीं किती दिवस वाट पाहिली गेली, हें मात्र त्या एका ओळीवांचून कळणार नाहीं.