पाण्याआडचा महाल

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग येतं. बोरी नदीच्या वळणावर काळ्या दगडाची तटबंदी दिसू लागते. नावामागे लोक नळ-दमयंतीची कथा सांगतात. इतिहास मात्र धनी मोजतो : बहामनी, आदिलशाही, मोगल, निजाम.

एका पावसाळ्यात किल्ला पाहायला गेलो होतो. आत पडक्या भिंती, रिकामे चौथरे आणि माजलेलं गवत. उंच उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या चढताना एक गृहस्थ सोबतीला मिळाले. बोलता बोलता त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ते हसून म्हणाले, "मग हा तुमच्याच लोकांचा किल्ला की!" बोलण्यात खोच नव्हती. तरी ते वाक्य माझ्याबरोबर बुरूज उतरून खाली आलं.

खाली पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरीवर दगडी बंधारा घातला गेला. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांना तो जोडतो, पाणी अडवतो आणि त्याच्याच पोटात महाल आहे. नदी भरली की पाणी दोन धारांनी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा असतो आणि आपण त्याच्याआड सुरक्षित. चारशे पावसाळे या दगडांनी झेलले आहेत.

हा इब्राहिम स्वतः कवी होता. त्याच्या 'किताब-ए-नवरस'मध्ये दखनी भाषेतली, रागांत बांधलेली गीतं आहेत आणि त्यांत सरस्वतीची, गणपतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आदिलशाहीच्या महसुली दफ्तरात मराठी चालत होती, ती त्याच्या आधीपासूनच. मी ज्या भाषेत कविता लिहितो, ती या राज्याला परकी नव्हती.

पण याच किल्ल्याला दुसरीही आठवण आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवर निघालेलं भारतीय सैन्य सोलापूरकडून आलं ते याच वाटेनं. बोरीवरचा पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग पडलं. रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला, त्याचा अंत जवळ आला. पुढच्या दिवसांत मात्र त्या जुलमाचा हिशेब ज्यांच्याकडून चुकता करून घेतला गेला, त्यांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी गरीब मुसलमान होते. आमच्या घरातली वडीलधारी माणसं त्या दिवसांबद्दल बोलत नसत. 'तुमचे लोक' आणि 'आमचे लोक' अशी वाटणी झाली की काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

किल्ल्याचे धनी बदलत गेले. ज्या पाथरवटांनी बंधाऱ्याचे चिरे घडवले, ज्या मजुरांनी ते वाहून आणले, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांत कोण कुठल्या देवाचं नाव घेत होता, हे त्या भिंतीवरून ओळखता येत नाही. भिंत मात्र एकसंध आहे.

परतताना ते गृहस्थ पुन्हा भेटले, पाण्याकडे बघत उभे होते. मी त्यांना म्हटलं, "मघाशी तुम्ही थोडं चुकलात. हा आपल्या लोकांचा किल्ला आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरकून कठड्यापाशी मला जागा करून दिली.