मधली चूक

मागच्या महिन्यात आमच्या थोरल्या वहिनींना जाऊन वर्ष झाले. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर मी चार ओळी लिहिल्या. संध्याकाळी वहिनींच्या भाच्याचा निरोप आला. हा भाचा शाळेत माझा विद्यार्थी, आता स्वतःच साठीकडे झुकलेला. म्हणतो, "सर, रागावू नका, पण स्मृतिदिनातला दि पहिला ना?"

मी 'स्मृतिदीन' लिहिले होते! दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हे चौतीस वर्षे फळ्यावर लिहिणारा मी. खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. पाठवण्याआधी मला ती चूक दिसली होती. 'दी' आणि 'न' यांच्या मधे कर्सर बसवायला तीनदा बोट टेकवले. एकदा तो शब्दाच्या शेवटी गेला, एकदा वरच्या ओळीत, आणि तिसऱ्यांदा अख्खा शब्दच निळा झाला. मग म्हटले, जाऊ दे, कळतंय ना! याच वाक्यासाठी मी किती पोरांना वह्या परत लिहायला लावल्या असतील.

त्या रात्री कपाटातला जुना फोन काढून बसलो. टी-मोबाइलचा जी१, म्हणजेच एचटीसी ड्रीम. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला हा पहिला अँड्रॉइड फोन. चिरंजीव तिकडे होते, त्यांनी नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडे आला. पडदा बाजूला सरकवला की खटकन आवाज होतो आणि खाली पाच ओळींचा कळफलक उघडतो, आकड्यांची ओळसुद्धा वेगळी. तेव्हा पडद्यावरचा कळफलक या फोनला नव्हताच. तो २००९ च्या वसंतात अँड्रॉइड १.५ बरोबर आला. म्हणजे पहिले काही महिने लिहायचे तर फोन उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पण मला भावली ती वाटाण्याएवढी गोळी, ट्रॅकबॉल. अंगठ्याने ती जरा फिरवली की कर्सर एक अक्षर सरकायचा. एकच अक्षर, जास्त नाही. शिफ्ट दाबून फिरवली की मजकूर निवडला जायचा, मग मेनूची कळ आणि एक्स, की कापला. मेनू आणि व्ही, की चिकटवला. आयफोनला हे कापणे-चिकटवणे जून २००९ पर्यंत नव्हतेच, हे सांगितले की आमची नात विश्वास ठेवत नाही. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या नोकियाच्या एन९०० ला तर सरकत्या कळफलकावर बाणांच्या कळा आणि कंट्रोलची कळही होती.

हे कापणे-चिकटवणे संगणकात आले कुठून, हे वाचले तेव्हा मास्तर म्हणून मला फार गंमत वाटली. १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाची लेखन-संपादनाची प्रणाली बनवली. ती कोणासाठी? गिन नावाच्या शालेय पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी! तिथले संपादक खरोखरची कात्री आणि डिंक वापरून परिच्छेद इकडचे तिकडे करत. त्या लोकांची सवय न मोडता यंत्राने त्यांच्यामागे चालावे, ही त्या दोघांची धडपड. टेस्लर २०२० मध्ये गेले.

म्हणजे चूक मधे असते, शेवटी नसते, हे या लोकांनी ओळखले होते. पाटीवरचे सगळे पुसून पुन्हा लिहिणे वेगळे, आणि तांबड्या शाईने एक वेलांटी बदलणे वेगळे.

मग हे कळफलक गेले का? फोन जाड व्हायचा, सरकणारे भाग झिजायचे, आणि त्या कळांच्या जागी मोठा पडदा बसवता यायचा. हे सगळे खरे. पण आपल्या बाजूचे एक कारण मला जास्त मोठे वाटते. कळीवर छापलेले अक्षर बदलता येत नाही, काचेवरचे येते. माझ्या जी१ ला देवनागरी मुळीच येत नव्हती. कोणाची मराठी मेल आली की नुसते चौकोन दिसायचे. मी चिरंजीवांना रोमन लिपीत लिहायचो, 'aai bari aahe' च्या धर्तीवर... नव्हे, ते इथे नागरीतच सांगतो: ए, ए, आय लिहिले की आई झाली! त्या लिपीत ह्रस्व नाही, दीर्घ नाही. डी, आय, एन लिहा, दिन म्हणा नाहीतर दीन म्हणा. ज्या फोनवर मला एकेक अक्षर सुधारता येत होते, त्यावर माझी ही चूक होणेच शक्य नव्हते. आणि काचेच्या फोनवर रोमनमध्ये 'दिन' टंकला की वर दोन्ही शब्द सुचवले जातात. माझे बोट पडले दुसऱ्यावर.

शिवाय आपल्या लिपीची आणखी एक अडचण. कर्सर जोडाक्षराच्या आत शिरत नाही, पण बॅकस्पेस दाबली की तेच जोडाक्षर बहुधा एकेका तुकड्याने सुटते. आत जायला दार नाही, मोडायला मात्र मागून येता येते. नवशिक्याने काय समजावे?

असो. नातीला हे सगळे ऐकवले. ती म्हणाली, "आजोबा, स्पेसबारवर बोट ठेवून डावीकडे-उजवीकडे सरकवा की!" सरकवले. कर्सर एकेक अक्षर चालू लागला, थेट त्या गोळीसारखा. इतकी वर्षे ही सोय माझ्या बोटाखाली होती आणि मला कोणी सांगितले नाही. (मी कोणाला विचारलेही नव्हते, हेही खरे.) मग मी आनंदाने वहिनींचा निरोप दुरुस्त करायला गेलो. तर पाठवलेला मजकूर बदलण्याची सोय २०२३ पासून आहे खरी, पण पहिली पंधरा मिनिटेच.

तेव्हा 'स्मृतिदीन' तसाच आहे. खाली मी भाच्याला लिहिले, "तुझे बरोबर. दि पहिली." पाठवण्याआधी ते दोनदा वाचले.