‘मंदगामी’ कोण ? एका नांवाचा पाठनिर्णय

जुन्या पोथींतील एखादें नांव पुढच्या लेखकानें भलत्याच पुरुषास चिकटविलें म्हणजे वंशावळींत केवढा घोळ माजतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. अरण्यांतील निशाचर नरवानरांच्या नामकरणांत असाच एक घोळ दीर्घकाळ नांदत होता. आणि तो रानांत नव्हे, तर मूळ ग्रंथ उघडूनच सुटला.

लोरिस म्हणून ओळखले जाणारे प्राणी दोन जातकुळींचे आहेत. दोन्ही बिनशेपटीचे, वाटोळ्या टपोऱ्या डोळ्यांचे व रात्रीं वृक्षांवर वावरणारे. पैकीं काटकुळा लोरिस दक्षिण भारतांत व सिंहलद्वीपांत आढळतो. थोराड अंगाचा आसामापासून जावा-बोर्निओपर्यंत.

स्वीडिश पंडित लिनियस यानें १७५८ सालीं ‘लेमूर टार्डिग्राडस’ हें नांव योजिलें. टार्डिग्राडस म्हणजे मंदगामी. घडणीनें आपल्या ‘शनैश्चरा’चा सहोदरच. लेमूर म्हणजे रोमन लोकांचीं रात्रीं भटकणारीं पिशाचें. हे प्राणी रात्रीं व संथ पावलांनीं हिंडतात, म्हणून तें नांव दिलें, असा खुलासा त्यानें १७५४ मध्येंच केला होता. (आपल्या ‘निशाचर’ शब्दांतही राक्षस दडलेला आहेच.) पण लक्षण दिलें तें ‘शेपूट नसलेला’ एवढेंच, व तें दोघांसही लागू ! निर्णायक शब्द एकच उरतो, तो स्थानाचा: सिंहल. थोराड लोरिस तेथें नाहीं. अर्थात् नांव काटकुळ्याचें.

पुढें थोराड प्राण्याचें वर्णन व्होसमार यानें १७७० सालीं ‘बंगालचा पंचांगुलि स्लॉथ’ म्हणून केलें, आणि बोडार्टनें १७८५ मध्यें त्यास ‘कौकांग’ हें नांव दिलें. तरीही ‘टार्डिग्राडस’ त्याच्याच गळ्यांत पडलें. कारण उघड आहे: तो खरोखरच मंद चालतो. योगार्थाच्या मोहानें मूळ पाठ कोणी पाहिला नाहीं. योगाहून रूढि बलवान्, असें आपले शास्त्रकार मानतात. येथें रूढीही चुकीचीच पडली! स्टोन व रेन यांनीं १९०२ सालीं मूळ संदर्भ तपासून नांव काटकुळ्यास परत मिळवून दिलें. म्हणजे १४४ वर्षांनीं.

संग्राहकांस यांत व्यावहारिक सावधगिरी आहे. ब्लॅनफर्डच्या १८८८-९१ च्या ग्रंथांतील ‘टार्डिग्राडस’ हा आसामकडील थोराड. पोकॉकच्या १९३९ च्या ग्रंथांतील ‘टार्डिग्राडस’ हा काटकुळा. मीं स्वतः ब्लॅनफर्डवरून केलेलें टिपण सिंहलच्या सदरांत घातलें होतें, व दोन वर्षें तें तसेंच राहिलें. जुन्या शिकार-रोजनिशीवर किंवा चित्रावर हें नांव आढळल्यास आधीं साल पाहावें.

घोळ तेवढ्यावर थांबला नाहीं. १९५३ सालीं ऑस्मन हिल यानें सर्व थोराड लोरिस एकाच जातींत कोंबले. पुढील संशोधकांनीं ते पुन्हा वेगळे केले. २०१२ सालीं मंड्स, नेकारिस व फोर्ड या विदुषींनीं छायाचित्रें व संग्रहालयांतील कातडीं ताडून, मुखावरील पट्ट्यांवरून बोर्निओकडील एका जातीच्या चार केल्या. त्यांपैकीं ‘कायान’ ही सर्वस्वीं नवी. तें नांव तेथील एका नदीवरून दिलें आहे.