१२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एकांच्या संख्येचा (१११११११११) वर्ग. सतरा अंकी, विषम. डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच. स्वल्पविराम देऊन १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. लीलावतीतील स्थाननामे लावल्यास सुरुवातीचा एक ‘मध्य’ स्थानी पडतो.

रचना : गुणाकार मांडला की नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, एकाखाली एक येतात. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३ असे वाढत ९ पर्यंत आणि पुन्हा उतरत १ पर्यंत एक भरतात. कोणत्याच रकान्याची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढे ढकलावा लागतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो, समरूपता गेली. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१. मांडणीतले एकूण एक तितकेच.

अवयव : ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक ४५. अंकांची चढउतार नजरेत भरते खरी, पण या संख्येतला मोलाचा ऐवज ३३३६६७ हा मूळ अवयव आहे. त्याचा व्यस्तांक दशांशात लिहिला तर ०००००२९९७ हे नऊ अंक अखंड फिरत राहतात, आणि नेमके नऊ अंकांचे आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्या नाही. ३३३६६७ ला ३७ ने गुणले की १२३४५६७९, म्हणजे ‘आठ गाळलेली’ प्रसिद्ध संख्या मिळते. तिच्या वर्गाची ८१ पट म्हणजेच प्रस्तुत संख्या. हिलाच ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९८००००००००१.

इतिहास : महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (नववे शतक) याच घराण्यातील १२३४५६५४३२१ ही संख्या २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून काढलेली आहे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटले आणि १९३८ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. डेमलो हे जी.आय.पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव, आजचे डोंबिवली, असे सांगतात. त्यांच्या व्याख्येत दोन्ही टोकांच्या भागांची बेरीज मधल्याच अंकाची पुनरावृत्ती असावी लागते; येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, मधे ९. दहा एकांपासून पुढचे वर्ग या मालिकेत धरावेत की नाही, याबाबत एकवाक्यता नाही.

उपयोजन : नोंदण्याजोगे नाही.

संगणकावर : एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक टिकतात, ही संख्या टंकली की शेवटचे २१ जाऊन १२३४५६७८९८७६५४३०० उरते.