रूझवेल्टची आफ्रिका सफारी

रूझवेल्टची आफ्रिका सफारी : (२१ एप्रिल १९०९–१४ मार्च १९१०). अमेरिकेचे सव्विसावे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) यांनी पद सोडताच पूर्व आफ्रिकेत काढलेली शिकारीची व प्राणिनमुने गोळा करण्याची मोहीम. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेसाठी ती काढली गेली. ‘सफारी’ म्हणजे स्वाहिली भाषेत प्रवास. हा शब्द अरबी ‘सफर’वरून आला आणि मराठीतील ‘सफर’ त्याच मुळाचा आहे. या मोहिमेच्या गाजावाजाने हा शब्द जगभर रुळायला मोठा हातभार लागला. सत्ता सोडून रानात शिरलेल्या पुढाऱ्याची ही सफारी कथा–चित्रपटांचाही विषय झाली.

पार्श्वभूमी : रूझवेल्ट यांना लहानपणापासून प्राणिशास्त्राचा ध्यास होता. न्यूयॉर्कच्या घरात त्यांनी पोरवयातच स्वतःचे छोटे संग्रहालय मांडले होते. राष्ट्राध्यक्ष असताना (१९०१–०९) त्यांनी पाच राष्ट्रीय उद्याने व एक्कावन्न पक्षी राखीव क्षेत्रे निर्माण केली. ४ मार्च १९०९ रोजी सूत्रे विल्यम टाफ्ट यांच्याकडे गेली. नव्या अध्यक्षाच्या कारभारावर आपली सावली पडू नये, हाही दूर जाण्यामागचा एक हेतू होता. २३ मार्चला ते जहाजाने निघाले आणि नेपल्समार्गे २१ एप्रिलला मोंबासा बंदरात उतरले. खर्चाचा मोठा भाग अँड्र्यू कार्नेगी व इतर धनिकांच्या देणग्यांतून उभा राहिला. स्वतःचा व मुलाचा खर्च रूझवेल्ट यांनी लेखनातून भागवला. स्क्रिब्नर्स मासिकाने त्यांच्या लेखमालेसाठी ५०,००० डॉलर दिले.

माणसे व सरंजाम : सोबत हार्वर्डमधील शिक्षण मध्येच थांबवून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट होता. पक्ष्यांची जबाबदारी लष्करी शल्यवैद्य एडगर मर्न्स यांच्यावर होती, तर एडमंड हेलर व जॉन ऑल्डन लोरिंग सस्तन प्राण्यांचे काम पाहत. आर. जे. कनिंगहॅम व लेस्ली टार्ल्टन हे वाटाडे शिकारी होते. आखणीत नामवंत शिकारी फ्रेडरिक सिलूस यांचा सल्ला होता.

तांड्याचा खरा भार दोनशेहून अधिक आफ्रिकी हमालांच्या डोक्यावर होता. त्यांच्यासोबत ‘अस्करी’ म्हणजे पहारेकरी, बंदुका वाहणारे, तंबू सांभाळणारे आणि घोड्यांचे ‘सईस’ होते. हिंदुस्थानातून ब्रिटिशांबरोबर गेलेला ‘सईस’ हा शब्द तिथेही रूढ झाला होता, आणि त्या काळी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे चलनही रुपयाच होते. एका हमालाचे ओझे साधारण सत्तावीस किलो असे. तेवढ्याच वजनाची एक पेटी पुस्तकांची होती. बहीण कॉरिन हिने भेट दिलेली सुमारे साठ पुस्तके तिच्यात होती. रक्ताचे, घामाचे व तेलाचे हात लागले तरी टिकावीत म्हणून ती डुकराच्या कातड्यात बांधून घेतली होती. दुपारी झाडाखाली, मारलेल्या जनावराशेजारीही रूझवेल्ट वाचत बसत.

तांड्यात चार टन मीठ होते, आणि मोहिमेचे मर्म या मिठात आहे. उष्ण हवेत कातडे काही तासांत कुजू लागते. म्हणून जनावर पडले की मापे घ्यायची, कातडे सोलायचे, आतली चरबी व मांस खरवडून काढायचे, मीठ चोळायचे आणि सुकवायचे, हे सगळे त्याच दिवशी उरकावे लागे. हत्तीच्या कातड्यावर अनेक जण तासन् तास राबत. गोळी झाडण्याला क्षण लागे. नमुना टिकवण्याला रात्र जाई.

मार्ग : मोंबासाहून तांडा युगांडा रेल्वेने निघाला. हा लोहमार्ग बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजुरांनी बांधला होता आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार जणांनी त्यापायी प्राण गमावले. रूझवेल्ट इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या बाकावरून दोन्हीकडची जनावरे पाहत गेले. पहिला तळ कापिटी पठारावर पडला. पुढे नैरोबी, सोटिक, नैवाशा सरोवर, केनिया पर्वत व ग्वासो न्यिरो नदीचा प्रदेश त्यांनी पालथा घातला. डिसेंबर १९०९ मध्ये व्हिक्टोरिया सरोवर ओलांडून ते युगांडात गेले आणि जानेवारीत नाईलच्या पश्चिम तीरावरील लाडो प्रदेशात पोहोचले. तिथून गोंडोकोरोमार्गे नदीतून प्रवास करत १४ मार्च १९१० रोजी ते खार्टूमला पोहोचले. पत्नी ईडिथ व मुलगी एथेल तिथे वाट पाहत होत्या.

धोक्याचे प्रसंग : केनिया पर्वताच्या दाट अरण्यात रूझवेल्ट यांनी एक हत्ती पाडला. दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या, त्याच क्षणी डावीकडची झुडपे फुटली आणि दुसरा नर अंगावर आला. तो सोंडेच्या टप्प्यात होता. रूझवेल्ट झाडाआड उडी मारून नवी काडतुसे भरू लागले. तेवढ्यात कनिंगहॅम यांनी दोन गोळ्या झाडल्या आणि हत्ती वळून रानात दिसेनासा झाला. मोहीम तिथेच संपायची, ती कनिंगहॅम यांच्यामुळे वाचली. दुसरा लक्षात राहणारा प्रसंग नांदी जमातीच्या योद्ध्यांचा. त्यांनी केवळ भाले व ढाली घेऊन सिंहाभोवती कडे केले आणि त्याला मारले. एक योद्धा त्यात घायाळ झाला. रूझवेल्ट तेव्हा प्रेक्षक होते.

फलित : बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांत १७ सिंह व ११ हत्ती होते. सर्वांनी मिळून जमवलेले प्राणिनमुने सुमारे ११,४०० भरले आणि हजारो वनस्पतींचे नमुने वेगळे. या संग्रहाची नोंदणी पुरी व्हायला कित्येक वर्षे लागली. आफ्रिकी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाला त्यातून भक्कम आधार मिळाला. रूझवेल्ट यांचे प्रवासवर्णन ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, तर हेलर यांच्यासह लिहिलेला प्राणिजीवनावरील द्विखंडी ग्रंथ १९१४ मध्ये.

कथा–चित्रपटांतील रूप : रूझवेल्ट यांनी वार्ताहरांना तांड्यापासून दूर ठेवले. बातमीची ही पोकळी कल्पनेने भरली. ते प्रवासात असतानाच विल्यम सीलिग यांनी शिकागोच्या स्टुडिओत त्यांच्यासारखा दिसणारा नट व एक म्हातारा सिंह घेऊन शिकारीचा चित्रपट केला आणि तो तुफान चालला. चेरी कर्टन यांनी आफ्रिकेत प्रत्यक्ष चित्रित केलेला चित्रपट १९१० मध्ये आला, पण तो तितका रंगला नाही. माइक रेझ्निक यांच्या ‘बुली!’ (१९९०) या लघुकादंबरीत रूझवेल्ट आफ्रिकेतून घरी न परतता काँगोत लोकशाही उभारायला निघतात. ‘यंग इंडियाना जोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत बालनायक याच सफारीत त्यांना भेटतो. साहसकथेला लागणारे सगळे इथे आयते आहे : परका प्रदेश, मर्यादित मुदत, जिवावरचे प्रसंग आणि सत्ता नसलेला पण जगभर ओळखला जाणारा माणूस. मात्र या बहुतेक कथांत हमालांना चेहरा मिळत नाही. रूझवेल्ट यांच्या स्वतःच्या पुस्तकात मुहम्मद व बकारी या बंदूक वाहणाऱ्यांची नावे तरी आहेत.

मूल्यमापन : वन्यजीवांसाठी जमिनी राखणारा माणूस शेकडो जनावरे मारतो, यातली विसंगती त्या काळीही टीकेचा विषय झाली होती. संग्रहालयासाठी व तांड्याच्या अन्नासाठी आवश्यक तेवढीच शिकार केली, असे उत्तर रूझवेल्ट देत. गोऱ्यांच्या वसाहतीला त्यांचा पाठिंबा होता आणि आफ्रिकी लोकांविषयीची त्यांची वर्णने वंशश्रेष्ठत्वाच्या समजुतीने डागाळलेली आहेत. हेही मोहिमेच्या इतिहासाचा भाग आहे आणि ते नोंदवल्याशिवाय तिचे चित्र पुरे होत नाही.

मोहिमेची सर्वांत जड नोंद लाडो प्रदेशातील आहे. उत्तरेकडील पांढरा गेंडा हा उपप्रकार विज्ञानाने वेगळा ओळखला तो १९०८ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत, तो दुर्मीळ आहे हे ठाऊक असताना, रूझवेल्ट पितापुत्रांनी तिथे नऊ गेंडे मारले. पुढे चोरट्या शिकारीने व युद्धांनी हा उपप्रकार संपवत आणला. त्यातला शेवटचा नर ‘सुदान’ १९ मार्च २०१८ रोजी केनियातील ओल पेजेटा अभयारण्यात, बंदूकधारी रक्षकांच्या पहाऱ्यात मेला. मागे नाजिन व फातू या दोन माद्या उरल्या. ओल पेजेटा केनिया पर्वताच्या पश्चिमेला आहे. ज्या पर्वताच्या रानात रूझवेल्ट हत्तीच्या मागावर हिंडले, त्याच्याच परिसरात आज या गेंड्याच्या रक्षणासाठी माणसे बंदुका घेऊन रात्रंदिवस उभी असतात.